पडझडीआधीचे गाव : ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ किशोरवयीनांना शिकवताना

चिनुआ अचेबे या नायजेरियन लेखकाची ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ ही पहिली कादंबरी १९५८ साली लंडनच्या हाइनमन या प्रकाशनसंस्थेने काढली, तेव्हा तिच्या अवघ्या दोन हजार प्रती छापल्या होत्या आणि नायजेरियाच्या स्वातंत्र्याला अजून दोन वर्षे अवकाश होता. आज पन्नासहून अधिक भाषांत गेलेली ही कादंबरी आफ्रिकेतच नव्हे, तर युरोप-अमेरिकेत आणि भारतातही अनेक शाळा-महाविद्यालयांत शिकवली जाते. पुस्तक अभ्यासक्रमाला लागले की मार्गदर्शिका निघतात, मार्गदर्शिकांतून ठरीव प्रश्न निघतात, आणि त्यांतला सर्वांत ठरीव प्रश्न असतो तो परंपरा आणि नवी संस्कृती यांच्यातल्या संघर्षाचा. त्याचे उत्तर देताना फळ्यावर बहुधा मधोमध एक रेघ ओढली जाते : एका बाजूला इग्बो समाज, जुने देव आणि परंपरा, दुसऱ्या बाजूला ब्रिटिश, ख्रिस्ती धर्म आणि आधुनिकता, ओकोन्क्वो हा नायक पहिल्या रकान्याचा प्रतिनिधी ठरतो आणि त्याचा अंत म्हणजे त्या रकान्याचा पराभव. हे विवेचन त्या रेघेच्या विरोधात लिहिले आहे. या कादंबरीतला पहिला आणि सर्वांत खोल संघर्ष गावाच्या आतला आहे, गोऱ्या माणसाचे पाऊल पडण्यापूर्वीच तो चालू झालेला आहे, आणि तो आधी उमजला नाही तर चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला पुढची पडझडही नीट कळत नाही.

अचेबे यांनी कादंबरीची रचनाच अशी केली आहे की घाई करणाऱ्या वाचकाची अडचण व्हावी. एकूण पंचवीस प्रकरणांपैकी पहिली तेरा पहिल्या भागात येतात, उरलेली बारा दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांत सारखी वाटली आहेत, आणि पहिल्या तेरा प्रकरणांत गोऱ्या माणसाचा उल्लेख येतो तो आठव्या प्रकरणात, तोही गप्पांच्या ओघात थट्टेने. मिशनरी प्रत्यक्ष दाखल होतात ते सोळाव्या प्रकरणात. म्हणजे निम्म्याहून अधिक कादंबरी उमुओफिया या नऊ खेड्यांच्या समूहाच्या लागवड-काढणीत, सणांत, कुस्त्यांत, लग्नांत, न्यायनिवाड्यांत आणि मृत्यूंत गुंतलेली आहे. वेळ अपुरा म्हणून हा भाग ‘पार्श्वभूमी’ या शीर्षकाखाली दोन तासांत उरकून संघर्षाकडे वळणारा शिक्षक, ज्या गोष्टीची पडझड होणार आहे ती विद्यार्थ्यांना न दाखवताच पडझड शिकवू पाहतो. उपलब्ध तासांपैकी निदान अर्धे तास पहिल्या तेरा प्रकरणांना द्यावेत, हा या विवेचनाचा पहिला आग्रह आहे.

इग्बो हा आजच्या आग्नेय नायजेरियातला मोठा समाज. कादंबरीचा काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचा आणि विसाव्याच्या अगदी आरंभीचा आहे. चर्च मिशनरी सोसायटीने नायजर नदीकाठच्या ओनित्शा येथे १८५७ मध्येच ठाणे वसवले होते, १९०० साली दक्षिण नायजेरिया हे ब्रिटिश संरक्षित राज्य जाहीर झाले, आणि पुढची काही वर्षे आतल्या मुलखात लष्करी मोहिमा निघत राहिल्या. कादंबरीत अबामे हे गाव बाजाराच्या दिवशी वेढून माणसे मारली जातात, त्या प्रसंगामागे १९०५ साली अहियारा भागात एका ब्रिटिश डॉक्टरच्या हत्येनंतर झालेल्या सूडाच्या कारवाईची आठवण आहे. मात्र या सनावळीपेक्षा विद्यार्थ्याला अधिक उपयोगी पडते ती राज्यव्यवस्थेची माहिती. या भागातल्या बहुतेक इग्बो गावांना राजा नव्हता. निर्णय होत ते वडीलधारे, मानाच्या पदव्या मिळवलेले पुरुष, देवतांचे पुजारी आणि चौकात जमलेली सभा यांच्यामध्ये बोलून, घासाघीस करून, कधी आठवडाभर वाद घालून. म्बान्ता गावात मिशनरी ‘तुमचा राजा कोण’ असे विचारतात तेव्हा राजा नाही असेच उत्तर त्यांना मिळते. आणि पुढे ब्रिटिश प्रशासनाने इथे हुकूमनाम्याने ‘प्रमुख’ नेमले, ते या समाजाची घडण न उमगल्यामुळेच. परंपरा म्हणजे मुकाट पाळायचा हुकूम, अशी किशोरवयीन वाचकाची समजूत असते, कारण घरात आणि शाळेत तिचा अनुभव त्याला बहुधा तसाच येतो. वाद घालूनच चालणाऱ्या समाजाची परंपरा कशी असते, हे त्याला इथे प्रथमच पाहायला मिळते.

तिचे दाखले कादंबरीत ठिकठिकाणी आहेत, आणि ते इतक्या सहजपणे आले आहेत की बोट ठेवून दाखवावे लागतात. पेरणीपूर्वी पाळल्या जाणाऱ्या ‘शांतता सप्ताहा’त, म्हणजे भूदेवी आनीच्या मानासाठी कोणीही कोणावर हात न उगारण्याच्या आठवड्यात, ओकोन्क्वो आपल्या धाकट्या बायकोला मारतो. पुजारी त्याला एक शेळी, एक कोंबडी, कापडाचा एक तुकडा आणि शंभर कवड्या असा दंड करतो. त्यानंतर गावातला सर्वांत वृद्ध एझेउदू भेटायला आलेल्यांना सांगतो, की पूर्वी असा नियम मोडणाऱ्याला मरेपर्यंत गावभर फरपटत नेत, पण ज्या शांततेसाठी ही शिक्षा होती तीच शिक्षेने भंग पावू लागल्यामुळे ती बंद केली गेली. हा परिच्छेद वर्गात मोठ्याने वाचावा असा आहे, कारण परंपरेनेच परंपरा दुरुस्त केल्याची नोंद त्यात एका म्हाताऱ्याच्या तोंडून आली आहे, आणि ती दुरुस्ती करायला बाहेरचा कोणी आलेला नव्हता. तसाच आठव्या प्रकरणातला, ओकोन्क्वोचा मित्र ओबिएरिका याच्या मुलीच्या लग्नाचा प्रसंग. वधूमूल्य, म्हणजे वराकडच्यांनी वधूच्या घराला द्यायची रक्कम, तोंडाने बोलून ठरत नाही. वधूचा बाप खराट्याच्या तीस काड्यांची जुडी पुढे करतो, वराकडचे बाहेर जाऊन काड्या कमी करून ती परत आणतात, आणि जुडी अशी दोन्हीकडून फिरत फिरत शेवटी वीस पिशव्या कवड्यांवर सौदा ठरतो. मग ताडी पिताना हीच मंडळी शेजारच्या गावांत हे कसे वेगळ्या रीतीने चालते यावर बोलू लागतात. त्याच प्रकरणात मानाची ‘ओझो’ पदवी घेतलेल्याने ताडाच्या झाडावर चढू नये या नियमाला काही अर्थ आहे का, असाही प्रश्न निघतो. आपली रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे याचे भान उमुओफियाला मिशनरी येण्याआधीपासून आहे.

या समाजात ओकोन्क्वोचे स्थान काय, हा प्रश्न इथे आला की फळ्यावरची रेघ पुसावी लागते. अठराव्या वर्षी नामांकित पैलवानाला चीत करून मोठा झालेला, शून्यातून यामची कोठारे उभी करणारा हा माणूस (याम हा कोनफळाच्या कुळातला कंद, आणि इग्बो समाजात पुरुषाच्या कर्तबगारीचे माप) परंपरेचा कैवारी म्हणून ओळखला जातो. परंतु त्याची मोठी कृत्ये एकेक करून तपासली तर त्यांतली बहुतेक परंपरेविरुद्धच जातात. शांतता सप्ताह तो मोडतो. आपल्या घरी ठेवलेल्या इकेमेफुना या मुलाच्या वधात हात घालू नकोस असे एझेउदूने बजावले असताना तो घाव घालतो, आणि या कृत्याने भूदेवी प्रसन्न होणार नाही असे त्याचा जिवलग मित्र ओबिएरिका त्याला तोंडावर सांगतो. सभेचा निर्णय होण्याआधीच तो सरकारी जासुदाला मारतो. शेवटी तो स्वतःला संपवतो ते अशा रीतीने, की त्याच्या आप्तांना त्याच्या प्रेताला हात लावता येत नाही, कारण आत्महत्या हा भूमीविरुद्धचा अपराध. त्याला परंपरेचे नव्हे, तर बापाचे भय चालवते. उनोका हा त्याचा बाप बासरी वाजवणारा, गोष्टीवेल्हाळ, कर्जबाजारी आणि कोणतीही पदवी न मिळवता मेलेला. त्या बापासारखे दिसू नये यासाठी मुलाने हळवेपणाचा प्रत्येक अंश स्वतःतून खणून काढला. त्याला दंड करणारे, समजावणारे, मातुल गावी आसरा देणारे आणि शेवटी त्याच्यासाठी रडणारे, हे सगळे त्याच परंपरेतले आहेत. वर्गातल्या मुलांशी पुरुषपणाबद्दल बोलण्याची जितकी चांगली संधी उनोका, ओकोन्क्वो आणि त्याचा मुलगा न्वोये या तीन पिढ्या देतात, तितकी नीतिपाठाचे तास देत नाहीत.

न्वोयेकडे मात्र सर्वांत अधिक थांबायला हवे. उमुओफियाच्या एका स्त्रीचा खून म्बाइनो गावात होतो, आणि युद्ध टाळण्यासाठी ते गाव भरपाई म्हणून एक कुमारिका आणि एक मुलगा देते. तो मुलगा म्हणजे इकेमेफुना. तो येतो तेव्हा पंधरा वर्षांचा आहे, आणि ज्या घरात त्याला ठेवले जाते तिथला मोठा मुलगा न्वोये बारा वर्षांचा. पहिल्या भागाच्या अखेरीस एझेउदूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटून जो मरतो, तो मृताचा मुलगा सोळा वर्षांचा. हे आकडे शिक्षकाने विद्यार्थ्यांकडूनच शोधून घ्यावेत, कारण ते त्यांच्याच वयाचे आहेत आणि या कादंबरीत मोठ्यांच्या निर्णयांची किंमत याच वयाची मुले मोजतात. इकेमेफुना तीन वर्षे त्या घरात राहतो, न्वोयेला सापळे लावायला आणि बोरूची बासरी करायला शिकवतो, ओकोन्क्वोला बाप म्हणू लागतो. मग डोंगर-गुहांच्या दैवताचा कौल येतो आणि त्याला घरी पोचवण्याच्या बहाण्याने रानात नेऊन मारले जाते. बाप परतल्यावर न्वोयेला कोणी काही सांगत नाही, पण त्याला कळते, आणि आत काहीतरी तुटते. असे तुटणे त्याने आधीही एकदा अनुभवलेले आहे : यामच्या काढणीहून परतताना रानातून अर्भकांचा रडण्याचा आवाज आला तेव्हा. जुळी मुले अशुभ मानून ती मातीच्या मडक्यांत घालून रानात टाकली जात. न्वोयेचे धर्मांतर म्हणून जे सोळाव्या प्रकरणात शिकवले जाते, ते खरे पाहता सातव्या प्रकरणातच सुरू झालेले आहे. मिशनऱ्यांचा त्रैक्याचा सिद्धांत त्याला कळत नाही. त्यांच्या भजनातला अंधारात बसलेल्या भावांचा उल्लेख त्याला जुळ्यांच्या आणि इकेमेफुनाच्या प्रश्नाचे उत्तर वाटतो. नवा धर्म आत शिरतो तो जुन्या व्यवस्थेने ज्यांना उत्तर दिले नाही त्यांच्या दारातून : जुळ्यांच्या आया, पदवी नसलेले पुरुष, आणि ‘ओसू’, म्हणजे देवाला वाहिलेले आणि म्हणून पिढ्यान्पिढ्या बाकीच्यांपासून दूर ठेवलेले लोक. याच प्रश्नाशी ओबिएरिकाही झगडतो. मित्राला न कळत घडलेल्या अपराधासाठी सात वर्षे गाव सोडावे लागते तेव्हा त्याला स्वतःची टाकलेली जुळी आठवतात. पण तो विचाराच्या गुंत्यात थांबतो आणि गावातच राहतो. बाप-लेकाऐवजी न्वोये आणि ओबिएरिका यांची तुलना करायला सांगितली, तर विद्यार्थी कितीतरी अधिक सूक्ष्म लिहितात, कारण इथे प्रश्न एकच असतो आणि दोन प्रामाणिक माणसे त्यावर वेगवेगळी वागतात.

वर्गात प्रत्यक्ष करून पाहण्यासारखा प्रसंग दहाव्या प्रकरणातल्या न्यायसभेचा आहे. ‘एग्वुग्वू’ म्हणजे मुखवटे घालून पूर्वजांच्या रूपाने अवतरणारे गावचे नऊ मानकरी. त्यांच्यापुढे उझोवुलू हा नवरा तक्रार घेऊन येतो, की सासरवाडीच्यांनी घरात घुसून आपल्याला झोडपले आणि बायकोला, म्गबाफोला, घेऊन गेले, तेव्हा वधूमूल्य परत मिळावे. तिचे भाऊ सांगतात की नऊ वर्षे हा तिला रोज मारत आला आहे. निवाडा असा होतो, की नवऱ्याने ताडीचे मडके घेऊन जाऊन विनवणी करावी आणि मग भावांनी तिला पाठवावे. आरोपी-फिर्यादी-पूर्वज-प्रेक्षक अशा भूमिका वाटून हा खटला विद्यार्थ्यांना चालवायला दिला की दोन गोष्टी त्यांच्या आपोआप ध्यानात येतात. एक, म्गबाफोला स्वतःला काय हवे हे सभेत कोणी विचारत नाही, आणि स्त्रिया कडेला बाहेरच्यांसारख्या उभ्या आहेत. दुसरी, या न्यायाचा हेतू शिक्षा करणे हा नसून तुटलेले पुन्हा जोडणे हा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि त्यांतली एक दुसरीने झाकू न देणे हे शिक्षकाचे काम. याच प्रसंगात एक बारीक तपशील आहे : दुसऱ्या एग्वुग्वूची चाल ओकोन्क्वोसारखी उसळती आहे आणि मानकऱ्यांच्या रांगेत ओकोन्क्वो दिसत नाही, हे त्याच्या बायकांच्या लक्षात आले असेलही, पण आले तरी त्या ते मनातच ठेवतात. जाणणे आणि मानणे ही दोन्ही एकाच मनात कशी नांदतात, हे या मोजक्या वाक्यांइतके नेमके क्वचितच कुठे सांगितले गेले असेल; श्रद्धेला भोळेपणा समजणाऱ्या विद्यार्थ्याशी वाद घालण्यापेक्षा त्याला हा परिच्छेद पुन्हा वाचायला लावावा.

‘ओग्बांजे’ या कल्पनेबाबतही हेच धोरण बरे. मरून पुन्हा त्याच आईच्या पोटी येऊन तिला छळणारे मूल म्हणजे ओग्बांजे. ओकोन्क्वोच्या बायकोची, एक्वेफीची, दहापैकी नऊ मुले बालपणीच गेली, आणि उरलेल्या एझिन्माबद्दल तेच भय आहे. काही नायजेरियन अभ्यासकांनी या समजुतीचा संबंध सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराशी जोडला आहे, आणि ही माहिती विद्यार्थ्यांना जरूर द्यावी, विशेषतः गडचिरोली-नंदुरबारसारख्या भागांत, जिथे हा आजार त्यांच्या ओळखीचा असतो. पण ती एक्वेफीची कहाणी वाचून झाल्यावर द्यावी; आधी दिली तर नऊ मुलांचे दुःख बाजूला पडते आणि वर्ग हुशारीने निदान करू लागतो.

मराठी माध्यमातल्या किंवा मराठी घरांतल्या विद्यार्थ्यांना शिकवताना तुलनेचा मोह सतत होणार, आणि तो सर्वस्वी टाळण्याचे कारण नाही. ओसूंकडे पाहून अस्पृश्यता आठवणे स्वाभाविक आहे; मात्र ओसूपण देवतेला वाहिले जाण्यातून येते, त्यामुळे देवाला सोडलेल्या मुरळ्या-जोगतिणींच्या प्रथेशीही त्याचे नाते लागते, आणि पूर्व नायजेरियाच्या विधिमंडळाने १९५६ मध्ये कायद्याने ही प्रथा रद्द करूनही विवाहसंबंधांत ती टिकून राहिली, हे सांगितल्यावर विद्यार्थी साम्य आणि भेद दोन्ही नीट मांडतात. धर्मांतराच्या चर्चेत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’तील काही पाने सोबत वाचावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा मागे राहिलेल्या पत्नीवर जे गुदरले, ते तिनेच लिहिलेले असल्यामुळे, घर सोडून जाणाऱ्याचा आणि घरात उरणाऱ्याचा असे दोन्ही पक्ष मुलांपुढे उभे राहतात. न्वोये ‘आयझॅक’ होतो तेव्हा ओकोन्क्वो शेकोटीपुढे एकटा बसून काय विचार करतो, ते मग निव्वळ हट्टी बापाचे वागणे म्हणून वाचले जात नाही.

गोरे आल्यानंतरचा भाग शिकवताना मिस्टर ब्राउन आणि रेव्हरंड स्मिथ या दोन पाद्र्यांतला फरक सहसा दाखवला जातो, सौम्य आणि कठोर म्हणून. त्यापेक्षा महत्त्वाचे हे, की ब्राउन अकुन्ना या मानकऱ्याबरोबर देव या विषयावर तासन्‌तास बोलून शेवटी असा निष्कर्ष काढतो, की समोरासमोरच्या हल्ल्याने हा धर्म हटणार नाही, आणि म्हणून तो शाळा काढतो. त्या शाळेतून न्यायालयाचे कारकून आणि पुढचे शिक्षक तयार होतात. खुद्द अचेबे हे याच परंपरेचे अपत्य : त्यांचे वडील मिशनचे धर्मशिक्षक होते, आणि त्यांचे शिक्षण उमुआहियाच्या सरकारी विद्यालयात व इबादानच्या विद्यापीठ महाविद्यालयात झाले, जिथे आफ्रिकेविषयीच्या ब्रिटिश कादंबऱ्या वाचून त्यांना स्वतः लिहिण्याची निकड वाटली. १९६५ सालच्या ‘द नॉव्हेलिस्ट अ‍ॅज टीचर’ या निबंधात त्यांनी आपल्या पत्नीच्या वर्गातल्या एका मुलाची हकिकत दिली आहे. पश्चिम आफ्रिकेत सहाराकडून येणाऱ्या कोरड्या, धुळकट वाऱ्याच्या हंगामाला ‘हरमाटन’ म्हणतात. त्या मुलाने निबंधात हरमाटनऐवजी इंग्लंडातला हिवाळा लिहिला, आणि कारण विचारल्यावर म्हणाला, की नाहीतर बाकीची मुले त्याला रानटी म्हणतील. आपल्या हवेचीही लाज वाटावी असे जे शिक्षण, त्याची दुरुस्ती करणे हे अचेबे यांनी लेखकाचे काम मानले. ज्या वर्गात ही कादंबरी शिकवली जाते तो वर्गही ब्राउनच्या शाळेचाच दूरचा वारस आहे, हे शिक्षकाने स्वतःशी आणि थोरल्या विद्यार्थ्यांशी स्पष्ट बोलावे. संघर्ष पुस्तकात घडून संपला असे त्यांना मग वाटत नाही.

काही प्रसंगांसाठी पूर्वतयारी अनिवार्य आहे. मुलाचा वध, बायकोला होणारी मारहाण आणि अखेरची आत्महत्या यांबाबत वर्गाला आधी कल्पना द्यावी. आत्महत्येकडे शौर्य किंवा सुटका म्हणून पाहिले जाणार नाही याची खबरदारी घ्यावी, आणि कोणा विद्यार्थ्याला वेगळे बोलायचे असल्यास त्याला तशी वाट ठेवावी. कादंबरी स्वतः या मृत्यूचा गौरव करत नाही. ओबिएरिका प्रेताकडे पाहत जिल्हा आयुक्तावर कडाडतो आणि त्याचा कंठ दाटतो, तर आयुक्त आपल्या नियोजित ग्रंथात या माणसावर एखादे प्रकरण नाही तरी बरासा परिच्छेद लिहिता येईल असा हिशेब करतो. पंचवीस प्रकरणे वाचून झालेल्या विद्यार्थ्यांना त्या परिच्छेदात काय काय येणार नाही याची यादी करायला सांगावी. त्या यादीत खराट्याच्या काड्या, एझेउदूचे बोलणे, बोरूची बासरी आणि बायकांनी मनात ठेवलेली शंका आली, तर पहिल्या तेरा प्रकरणांना दिलेला वेळ कारणी लागला असे समजावे.

पुढच्या वाचनासाठी शिक्षक बहुधा अचेबे यांच्याच ‘अ‍ॅरो ऑफ गॉड’ची (१९६४) किंवा न्गुगी वा थ्योंगो यांच्या ‘द रिव्हर बिट्वीन’ची (१९६५) निवड करतात, आणि त्या दोन्ही उत्तम आहेत. किशोरवयीनांसाठी मात्र चिमामांडा न्गोझी अदिची यांची ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) आधी घ्यावी. तिची निवेदक कांबिली पंधरा वर्षांची आहे. तिचा बाप कडवा कॅथलिक, दानशूर आणि घरात हिंसक, तर आजोबा जुन्या धर्माचे, म्हणून बापाने दूर ठेवलेले. नवा धर्म इथे बापाच्या हातात आहे आणि जुना आजोबांच्या पहाटेच्या प्रार्थनेत, जी कांबिली लपून पाहते आणि आपल्या प्रार्थनेपेक्षा फार निराळी नाही हे तिला जाणवते. ओकोन्क्वोचा धाक आणि मिशनऱ्याचा धर्म एकाच माणसात भेटल्यावर, दोन रकान्यांची सवय लागलेला विद्यार्थी त्या माणसाला कोणत्या बाजूला लिहायचे ते ठरवू शकत नाही. आणि तिथून वर्गातली चर्चा पुन्हा सुरू करता येते.